माल्टाचं स्वतःचं काय?

दिवाळीनंतर पुण्यात आमच्याकडे काही मंडळी जमली होती. सिसिली आणि माल्टा अशी सहल करून ती नुकतीच परतली होती. भिंतीवर फोटो दाखवणं चाललं होतं, हातात चहा आणि चिवड्याच्या बशा. राजधानी वॅलेटाच्या तटबंदीचा फोटो आला तेव्हा मंडळींतले एक ज्येष्ठ स्नेही बोलले. त्यांचं इतिहासाचं वाचन आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "देखणं आहे, पण यात माल्टाचं स्वतःचं काय? फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले, नॉर्मन आले, नाइट आले, नेपोलियन आला, इंग्रज आले. ज्यानं त्यानं आपापलं बांधलं आणि निघून गेला. बेट म्हणजे धर्मशाळा आहे. दोन दिवस पुष्कळ झाले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या रात्री गप्प राहिले. मला जे म्हणायचं होतं ते चहाच्या कपाबरोबर संपणारं नव्हतं.

हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर लिहायला बसले नसते. माल्टाहून आलेल्या किती तरी जणांकडून मी हेच वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. कुणी म्हणतं, सगळीकडे एकसारखा पिवळा दगड. कुणी म्हणतं, ती समुद्रातली दगडी खिडकी पडली, आता पाहायला उरलं काय? कुणी म्हणतं, इटलीची नक्कल बघण्यापेक्षा इटलीतच दोन दिवस वाढवावेत. या सगळ्याच्या मुळाशी समजूत एकच आहे: हे बेट दुसऱ्यांनी घडवलं, तिथले लोक नुसते बघत उभे होते. ही समजूत चुकीची आहे. शिवाय ती एका समाजावर अन्याय करणारी आहे, म्हणून ती खोडायची.

मी स्वतः 2016 साली अशाच एका सहलीबरोबर माल्टाला गेले होते. दोन दिवस. पहिल्या दिवशी वॅलेटातली वरची बराक्का बाग, तिथून दिसणारं बंदर, दुपारी बाराला उडणारी तोफ, सेंट जॉनचं चर्च आणि त्यातलं काराव्हाज्जोचं 1608 सालचं भव्य चित्र. संध्याकाळी इम्दीना. दुसऱ्या दिवशी बोटीनं शेजारचं गोझो बेट, तिथली द्वेय्राची ती खिडकी, आणि परतताना कोमिनोच्या निळ्या पाण्यात तासभर. गाईडनं दोन्ही दिवस राज्यकर्त्यांची यादी क्रमानं सांगितली आणि ती मी मनापासून वहीत उतरवली. त्या वहीत एकाही माल्टी माणसाचं नाव नाही. परत आल्यावर मला कुणी विचारलं असतं, तर मीही बहुधा धर्मशाळाच म्हटलं असतं.

नंतर माझी भाची नोकरीसाठी तिकडे गेली आणि बिर्गूमध्ये जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागली. तिच्याकडे मी एकोणीस दिवस राहिले. सकाळी ती बोटीनं वॅलेटाकडे कामाला जायची आणि मी पायी, बसनं, कधी नुसतीच बाकावर बसून बेट पाहायची. हा लेख त्या एकोणीस दिवसांवर उभा आहे, आणि त्यानंतर केलेल्या वाचनावर.

स्नेह्यांच्या यादीतल्या शेवटच्या दोन नावांपासून सुरुवात करते, कारण यादी कशी फसवते ते तिथे स्पष्ट दिसतं. "नेपोलियन आला, इंग्रज आले." या दोन वाक्यांच्या मधे काय घडलं? 1798 च्या जूनमध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं आणि तिथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइटांना, म्हणजे धर्मयोद्ध्यांना, घालवलं. मग त्यांनी चर्चची चांदी लुटायला, सामानाचे लिलाव करायला सुरुवात केली. 2 सप्टेंबरला इम्दीनामध्ये असाच लिलाव मांडला होता, तेव्हा लोक उठले. नाइट गेले होते, इंग्रज अजून आले नव्हते. शेतकरी, पाद्री, नोटरी आणि कारागीर यांनी फ्रेंच फौजेला वॅलेटाच्या तटाआड कोंडलं आणि दोन वर्षं कोंडून ठेवलं. मदतीला नेपल्स आणि इंग्रज यांना बोलावलं ते त्यांनीच. दुन मिकिएल शेर्री या पाद्र्यानं वॅलेटाच्या आतून उठावाचा कट रचला. तो फुटला आणि 1799 च्या जानेवारीत त्याला गोळ्या घातल्या. पुढे 1802 मध्ये माल्टी प्रतिनिधींनी हक्कांचा एक जाहीरनामा काढला. त्यात लिहिलं आहे की इंग्लंडच्या राजाला संरक्षण देणं नको झालं तर बेटाचं स्वामित्व दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, ते इथल्या लोकांकडे परत येईल. धर्मशाळेतले नोकर असे जाहीरनामे काढत नाहीत.

दुन मिकिएलचा पुतळा वॅलेटातच आहे. आमची सहल त्याच्या जवळून गेली असणार.

त्याआधीचं, म्हणजे नाइटांचं प्रकरण तर माल्टाच्या पर्यटनाचा कणाच आहे. 1565 चा मोठा वेढा सर्वांना सांगितला जातो: तुर्की आरमार, मे ते सप्टेंबरची लढाई, झाँ द ला व्हालेत हा म्हातारा सेनापती. गोष्ट थरारक आहे यात शंका नाही. पण तटावर उभं कोण होतं? नाइट जेमतेम पाच-सहाशे होते. त्या काळच्या नोंदींनुसार बचाव करणाऱ्या सहा हजारांच्या आसपास लोकांत निम्मे माल्टी गावकरी होते. भिंत कोसळली की रात्रीत दगड रचून ती पुन्हा उभी करणारे हात त्यांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे होते. वेढ्यात अडकलेल्या बिर्गूहून इम्दीनाला निरोप घेऊन बंदरातून पोहत जाणाऱ्या तोनी बाजादाच्या कथा बिर्गूत अजून सांगतात. त्याच्या कथेत दंतकथा किती आणि खरं किती, हे इतिहासकारांनी ठरवावं. पण गावानं आठवणीत जपायला कुणाला निवडलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

वेढा उठल्यावर, 1566 मध्ये, वॅलेटाची पायाभरणी झाली. आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन स्थपतीचा. तो काही वर्षांत निघून गेला. त्यानंतर शहराला रूप देणारा माणूस जिरोलामो कासार. तो माल्टी होता. सेंट जॉनचं ते चर्च त्याचं, ग्रँडमास्टरचा, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाचा, राजवाडा त्याचा, निरनिराळ्या देशांच्या नाइटांसाठी बांधलेल्या निवासवाड्यांतले कित्येक त्याचे. सेंट जॉनच्या आत मात्तिया प्रेतीचं सोनेरी छत आणि फरशीवर संगमरवरी थडगी पाहताना कुणाचीही नजर ठरत नाही. पण त्या चर्चचा बाहेरचा चेहरा पाहा. साधा, जाडजूड, किल्ल्यासारखा. तो कासारचा चेहरा आहे. वेढ्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसानं बांधलेलं चर्च असंच दिसणार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वॅलेटा बांधताना राबलेल्यांत गुलामही होते. नाइट समुद्रावर जहाजं लुटत, मुसलमान खलाशांना पकडून आणत, वल्ह्यांना आणि बांधकामाला जुंपत. म्हणजे "नाइटांनी बांधलं" या वाक्यात आणखी एक नाव पुसलेलं आहे. कोणतीही इमारत "अमक्या राजानं बांधली" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा आपण पैसे देणाऱ्याचं नाव सांगतो. माझ्या स्नेह्यांनी रायगडाबद्दल बोलताना तो बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा उल्लेख केल्याशिवाय पुढचं वाक्य कधी उच्चारलेलं नाही. हाच न्याय त्यांनी वॅलेटाला द्यावा, एवढंच मागणं आहे.

मोस्टाच्या चर्चच्या घुमटापाशी मला हे फार टोचलं. तिथे प्रत्येक गाईड एकच गोष्ट सांगतो. 9 एप्रिल 1942 ला जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला, आत शेकडो लोक प्रार्थनेला जमले होते, आणि तो फुटला नाही. त्या बॉम्बची प्रतिकृती पाहायला रांग लागते. मी त्या रांगेशेजारी बसून छताकडे पाहत राहिले. सदतीस मीटरांच्या आसपास रुंदीचा तो घुमट गावानं बांधला आहे. 1833 मध्ये काम सुरू झालं. आराखडा जॉर्जो ग्रोन्ये यांचा. जुनं चर्च पाडलं तर प्रार्थना कुठे करायची, म्हणून नवं चर्च जुन्याच्या भोवतीनं उभं केलं. जुनं आत चालूच राहिलं. त्यामुळे घुमटाला खालून आधाराची परांची लावायला जागाच उरली नाही. आन्जेलो गात्त नावाच्या तिथल्याच गवंड्यानं दगडाचं एकेक कडं आतल्या बाजूला झुकवत, परांचीशिवाय तो घुमट मिटवला. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गावकरी येऊन बिनपगारी दगड वाहायचे, आणि हे जवळपास तीन दशकं चाललं. एका खेड्याचं काम आहे हे. युरोपातल्या मोठ्या घुमटांत त्याची गणना होते, आणि आपण मात्र तिथून बॉम्बचा फोटो घेऊन परततो.

"एकसारखा पिवळा दगड" म्हणणाऱ्यांशी तर मी मराठी माणूस म्हणूनच भांडेन. त्या दगडाला तिथे फ्रान्का म्हणतात. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की करवतीनं कापता येतो. मग उन्हावाऱ्यात त्याच्यावर कठीण कातडी धरते. कोकणात ज्यांचं घर जांभ्याचं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चिरा ताजा असताना नमतो, हवा लागली की घट्ट होतो. गोझोच्या शेतांत बिनचुन्याच्या रचीव दगडांच्या भिंती मैल न् मैल पसरल्या आहेत. तो आपला गडगाच. डोंगरउतारावरची मूठभर माती पावसानं वाहून जाऊ नये म्हणून पिढ्यान् पिढ्या रचलेला. बेटावर नदी नाही. पावसाचं पाणी धरायला घराखाली खडकात टाकं खोदायचं, ही रीत. वॅलेटात तर प्रत्येक घराला टाकं हवंच असा नियम होता. श्वेय्नीच्या किनाऱ्यावर खडकात खोदलेली मिठागरं आहेत, एकाशेजारी एक, चौकटी चौकटींची. एका सकाळी तिथे एक बाई लांब दांड्याच्या झाडूनं मीठ ओढून ढीग करत होती. तिच्या सासऱ्यांच्या आधीपासून हेच काम घरात आहे, असं तिनं सांगितलं. खाऱ्या पाण्यानं भेगाळलेली तिची बोटं पाहताना मला उरणकडच्या मिठागरांतल्या बायका आठवल्या. यातलं काही कुठल्या राजानं बांधलं नाही. दगड, माती, पाणी आणि मीठ यांच्याशी त्या लोकांनी जो व्यवहार बसवला, तोच हे बेट आहे. किल्ले त्याच्यावर नंतर चढले.

आता सगळ्यात जुन्या गोष्टीकडे येते. गोझोवरचं जगान्तीया मंदिर इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्या हजार वर्षं आधीचं. बांधणाऱ्यांकडे धातूचं हत्यार नव्हतं. हे दगड सानसुना नावाच्या राक्षसिणीनं पोर कडेवर घेऊन, घेवड्याच्या शेंगा खात खात डोक्यावरून वाहून आणले, अशी गोझोची लोककथा आहे. मोठं बांधकाम बाईनं, लेकरू सांभाळत केलं, असं मानणारी ही कथा मला फार आवडते. दक्षिण किनाऱ्यावर हाजार ईम आणि इम्नायद्रा ही मंदिरं आहेत. हाल साफ्लिएनीचं भूमिगत दालन तर जमिनीखाली तीन मजले खोदलेलं आहे, शिंगांनी आणि गारगोटीच्या हत्यारांनी. तिथे सहा-सात हजार माणसांचे अवशेष सापडले.

स्नेही इथे मला अडवतील हे मला ठाऊक आहे. ते म्हणतील, ती मंदिरं बांधणारी माणसं इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमाराला नाहीशी झाली. आजचे माल्टी काही त्यांचे थेट वारस नाहीत. मान्य. मी रक्ताच्या वारशाचा दावा करतच नाही. पण ही मंदिरं आज आपल्याला दिसतात ती कुणामुळे, हे तरी पाहा. तार्शीनला एका शेतकऱ्याचा नांगर सारखा मोठ्या दगडांना अडकत होता. त्यानं ते दगड फोडून विकले नाहीत, वॅलेटाच्या संग्रहालयात जाऊन थेमिस्टोक्लिस झामिट यांना सांगितलं. झामिट यांनी 1915 ते 1919 या काळात तिथे खोदकाम केलं आणि मातीचा एकेक थर नोंदत ते मंदिरसंकुल उघडं केलं. हाल साफ्लिएनीचं काम मानुएल माग्री या पाद्र्यानं सुरू केलं होतं. 1907 मध्ये ते ट्युनिशियात वारले आणि त्यांच्या नोंदी हरवल्या. तेही पुढे झामिट यांनीच पूर्ण केलं.

झामिट यांच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. ते मूळचे डॉक्टर. माल्टात त्या काळी एक दीर्घ, चढउताराचा ताप असे. इंग्रज सैनिक त्यानं महिनोन् महिने झिजत. त्याचं नावच माल्टा फिव्हर. डेव्हिड ब्रूस या इंग्रज लष्करी डॉक्टरनं 1887 च्या सुमाराला त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे कळत नव्हतं. 1905 मध्ये झामिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि उत्तर सापडलं: ताप शेळीच्या कच्च्या दुधातून येतो. लष्करात ते दूध बंद झालं आणि रोग झपाट्यानं ओसरला. आज आपल्याकडचे पशुवैद्य आणि डॉक्टर त्या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. नाव ब्रूसचं राहिलं. ब्रूसचं काम खोटं नव्हतं, त्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण शेळीपर्यंत पोचलेल्या माल्टी डॉक्टरचं नाव आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? "माल्टाचं स्वतःचं काय" हा प्रश्न सुचतो तो नावं अशी गळाल्यामुळे.

हाल साफ्लिएनीबद्दलची एक तक्रारही इथेच निकालात काढते. तिथे दिवसाला फक्त ऐंशी माणसांना सोडतात, तासाला दहा. तिकीट काही आठवडे आधी काढावं लागतं, फोटो काढता येत नाही. आमच्या मंडळींत यावर मोठी नाराजी होती: एवढ्या लांब जाऊन आत जाऊ दिलं नाही. आत भिंतींवर गेरूनं काढलेली वेटोळी आहेत, पाच हजार वर्षांची. माणसाच्या श्वासातल्या ओलाव्यानं आणि वायूनं ती विरत होती, म्हणून 1992 पासून काही वर्षं ते दालन पूर्ण बंद ठेवलं आणि मग या मर्यादेवर उघडलं. पैसे घेऊन बस भरून माणसं आत सोडणं किती सोपं होतं! माल्टाच्या सरकारनं तो मोह टाळला. मला माझ्या भाचीनं दोन महिने आधी तिकीट काढून ठेवलं होतं. आमच्यातलं कुणी आत बोललं नाही.

आणि भाषा. सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे आणि तो मोफत आहे, बसथांब्यावर उभं राहिलं की कानावर पडतो. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली आहे. एकेकाळी सिसिलीत बोलल्या जाणाऱ्या अरबीची ती लेक. तिच्यात पुढे इटालियन शब्द भरपूर मिसळले आणि ती रोमन लिपीत लिहिली जाते. जगाला ते "दिन्या" म्हणतात, पुस्तकाला "क्तीब". आपली दुनिया, आपलं किताब. देशभर कॅथलिक चर्चं, आणि त्या चर्चांत देवाला म्हणतात "अल्ला". ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांना "रान्दान". बिर्गूच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

अरबांचं राज्य अकराव्या शतकाच्या शेवटी गेलं. मग नॉर्मन, आरागॉन, नाइट, फ्रेंच आणि इंग्रज. या नऊशे वर्षांत एकाही राज्यकर्त्याची ती भाषा नव्हती. कोर्टात इटालियन, चर्चच्या कागदांत लॅटिन, नंतर कचेरीत इंग्रजी. माल्टी फक्त स्वयंपाकघरात, शेतावर आणि होडीवर. तरी ती टिकली. मिकिएल आन्तोन वास्साल्ली यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचं व्याकरण आणि शब्दकोश केला. राजकारणामुळे त्यांना हद्दपारी भोगावी लागली. 1825 मध्ये ते विद्यापीठात माल्टीचे पहिले प्राध्यापक झाले, आणि मरणानंतर कॅथलिक दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही. फ्लोरियानाच्या बुरुजावरच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत, झाडांच्या सावलीत, त्यांची कबर आहे. दुन कार्म प्सायला हे पाद्री-कवी आधी इटालियनमध्ये लिहायचे. 1912 मध्ये ते माल्टीकडे वळले आणि पुढे राष्ट्रगीत त्यांनीच लिहिलं. लिपी 1924 मध्ये ठरली, राजभाषेचा दर्जा 1934 मध्ये मिळाला, आणि 2004 पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत ती आहे, त्यातली एकमेव सेमिटिक भाषा. गोव्यात 1684 च्या पोर्तुगीज फर्मानानं जिला दाबायचा प्रयत्न केला ती कोकणी 1987 मध्ये राजभाषा झाली. ज्यांना त्या वाटचालीचं मोल कळतं, त्यांना माल्टीचंही कळेल.

"पण ती भाषा तर अरबांची!" हा आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकला आहे. मग मराठीचं काय करायचं? अर्ज, वकील, हिशेब अरबीतून आले. पगार, बटाटा पोर्तुगीजांकडून. टेबल इंग्रजांकडून. म्हणून मराठी दुसऱ्यांची होते का? बाहेरून आलेलं आपल्या तोंडात घोळवून आपलं करणं, हेच तर भाषा करते. "मुंबई इंग्रजांनी बांधली" हे वाक्य ऐकल्यावर आपल्याला संताप येतो. समुद्रात भर कुणी टाकली, गोदीत ओझी कुणी वाहिली, गिरणीत कोण राबलं, असं आपण तावातावानं विचारतो. विचारायलाच हवं. तोच प्रश्न माल्टाच्या बंदरावर उभं राहिल्यावर आपल्याला का सुचत नाही?

आपला त्या बंदराशी थेट संबंधही आहे. 1878 मध्ये रशिया-तुर्की युद्धाच्या ताणात इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी हिंदुस्थानी फौज माल्टाला हलवली. सहा-सात हजार माणसं मुंबई बंदरातून जहाजांवर चढली. मुंबई इलाख्याच्या पलटणी त्यांत होत्या, आणि त्या काळी मुंबईच्या लष्करात कोकणातली आणि देशावरची माणसं मोठ्या संख्येनं असत. त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? एकाचंही नाही. इतिहासात त्या घटनेला नाव आहे ते डिझरायलींचं.

वॅलेटात राजवाड्यासमोर सेंट जॉर्जचा चौक आहे. कारंजी उडतात, मुलं भिजतात, सहलीतली मंडळी तिथे आइस्क्रीम खातात. मीही 2016 ला खाल्लं. 7 जून 1919 ला पावाचे भाव आणि स्वराज्याचा प्रश्न या दोन्हींवरून लोक याच वॅलेटात रस्त्यावर उतरले, आणि इंग्रज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार माल्टी माणसं मेली. जालियनवाला बागेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. 7 जून हा दिवस तिथे राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. दोन्ही गोळीबार एकाच वर्षी, एकाच साम्राज्याच्या बंदुकांनी. आम्हा हिंदुस्थानी प्रवाशांना माल्टात एकच गोष्ट सांगायची असती तर ती हीच सांगायला हवी होती, आणि दोन दिवसांत तीच कुणी सांगितली नाही.

झेंड्यावर इंग्लंडच्या राजाचं पदक आहे, हाही मुद्दा त्या रात्री कुणीतरी काढला. आहे, जॉर्ज क्रॉस, एप्रिल 1942 चा. पण तो कशासाठी मिळाला? बॉम्बवर्षावात सुमारे दीड हजार नागरिक मेले. अन्न संपत आलं, सार्वजनिक स्वयंपाकघरांतून पातळ आमटी वाटली जाई. लोकांनी कुदळींनी खडकात भुयारं खोदली आणि त्यात महिनोन् महिने काढले. बिर्गूतलं एक भुयार पाहता येतं. आत बाळंतिणीसाठी कोरलेली खोली आहे. पदकानंतर, ऑगस्टमध्ये, 'ओहायो' हे तेलवाहू जहाज दोन बाजूंनी दोरांनी बांधून, बुडता बुडता बंदरात आणलं, तो दिवस 15 ऑगस्टचा, मेरी मातेच्या सणाचा. पदक राजाचं असेल, उपास त्यांचे होते.

आता मला जे मान्य आहे ते सांगते. बेटावर आज क्रेन जिकडे तिकडे आहेत, स्लीमात जुनी लाकडी सज्जांची घरं पाडून काचेचे मजले चढत आहेत, उन्हाळ्यात कोमिनोला पाण्यापेक्षा माणसं जास्त दिसतात. प्रवाशांच्या या तक्रारी खऱ्या आहेत. बेटं सगळी मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. राहणारे साडेपाच लाखांच्या आसपास, आणि 2024 मध्ये आलेले पाहुणे पस्तीस लाखांहून जास्त. त्या गर्दीत आपण सगळे मोजलेले आहोत. दोन दिवसांत बेट उरकणारी प्रत्येक सहल कोमिनोला जातेच, कारण ते लवकर उरकतं. कोमिनोच्या खाडीसाठी 2025 पासून आधी नोंदणी करावी लागते. उशिरा का होईना, हे बरं झालं. द्वेय्राची खिडकी 8 मार्च 2017 च्या वादळात समुद्रात गेली. ती माल्टी लोकांनी बांधली नव्हती आणि पाडलीही नाही. तिच्या जाण्यानं बेट संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेटाची खिडकीच पाहिली होती.

स्नेह्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "एवढं सहलीत कसं बसवणार?" मी म्हटलं, कोमिनो गाळा. ते विचारात पडले. येत्या ऑक्टोबरात त्यांच्या मंडळाचा पुन्हा जायचा बेत आहे. चर्चा चालू आहे.

मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी मी मार्साश्लोकला मासळीबाजार पाहून परतत होते. होड्यांच्या नाळेवर रंगवलेले डोळे अजून नजरेसमोर होते. बसचा चालक आपलाच निघाला, सांगलीकडचा. आता तिथे बस चालवणारी, घरोघर जेवण पोचवणारी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी भारतीय मुलं-मुली पुष्कळ आहेत. मी गावाचं नाव पाटीवर जसं दिसलं तसं, "मार्साक्सलोक" असं वाचलं. तो आरशातून म्हणाला, "काकू, एक्स दिसला की श म्हणायचं. मार्साश्लोक. मलाबी इथल्या आज्ज्यांनी शिकवलं, चुकलं की उतरताना सांगत्यात." पुढच्या थांब्यावर काळ्या ओढणीतली एक म्हातारी पिशवी सावरत उतरली. दारात थांबून ती त्याला म्हणाली, "सह्हा." शब्द अरबी, अर्थ प्रकृती बरी राहो.

तोही म्हणाला, "सह्हा, नान्ना," आणि दार लावून घेतलं.